ज्वारीचा फुटवा जनावराला टाकायच्या आधी: किराळ तपासायची पिवळ्या कागदाची टेस्ट, पहिल्यापासून

खरिपाची ज्वारी काढली, मागून दोन-चार सरी पडल्या आणि धसकटांतून हिरवेगार फुटवे वर आले की कुणालाही वाटतं फुकटची वैरण आहे, सोडा जनावरं. त्यातच भुकेली म्हैस शिरते आणि अर्ध्या-एक तासात आडवी होते. गावाकडं याला किराळ लागणं म्हणतात, सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी होतंच, कारण पोंगा बघून कळत नाही की यात विष किती आहे. हा लेख त्यासाठी आहे. नवीन गोठा टाकलेले, पशुधनाचा डिप्लोमा करणारी पोरं, दूध केंद्रावर बसणारे, ज्यांनी आजवर टेस्ट ट्यूबसुद्धा हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ही टेस्ट "टाकू नका" हे खात्रीनं सांगते, "बिनधास्त टाका" हे कधीच सांगत नाही. कागद लाल झाला तर विषय संपला. नाही झाला तर तुम्ही आणलेल्या तेवढ्या पानांत जास्त सायनाईड नव्हतं एवढंच कळलं, अख्ख्या वावराचं नाही.

आधी विष कसं तयार होतं ते

हे वगळून पुढं जाऊ नका, कारण सॅम्पल कसं घ्यायचं ते यावरच ठरतं. ज्वारीच्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते नुसतं असून फार काही बिघडवत नाही. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत धुरिन असतं आणि आतल्या थरातल्या पेशींत त्याला फोडणारं एन्झाईम, पान अखंड आहे तोवर दोघांची गाठच पडत नाही. जनावरानं चावलं, पान चिरडलं, सुकायला लागलं की पेशी फुटतात, गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना धोका जास्त, कारण कोठीपोटात पाणी भरपूर, आंबटपणा कमी आणि वर जंतूंची फौज, म्हणजे धुरिन फुटायला एकदम सोयीची जागा. घोड्याच्या पोटातल्या ॲसिडमध्ये ते एन्झाईम बऱ्यापैकी मरतं, म्हणून त्याला त्यामानानं कमी त्रास.

सायनाईड रक्तात गेलं की पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण वापरणारं कुणी नाही, म्हणून रक्त लालभडक दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढं दुसऱ्या विषाशी तुलना करायची आहे.

धुरिन सगळ्यात जास्त कुठं? कोवळ्या पोंग्यात, खोडव्याच्या फुटव्यात, पावसानं ताण दिलेल्या खुजट पिकात, आणि युरिया जास्त मारलेल्या पिकात. पीक वाढत गेलं की प्रमाण उतरतं, म्हणूनच कडवळ पन्नास टक्के फुलोऱ्यात आल्यावर कापा असं सांगतात, आणि गुडघ्याएवढं असताना तर त्यात जनावर सोडायचंच नाही. बाजरीत धुरिन नसतं. ही बाजरी आपल्याला पुढं कामाला येणार आहे.

सामान

जुनी, स्वस्त आणि आजही कामाची टेस्ट म्हणजे पिक्रेट पेपरची. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लिऑन गिन्यार यांनी 1906 च्या सुमारास ती मांडली म्हणून पुस्तकात गिन्यार टेस्ट म्हणतात. लागतं एवढंच: फिल्टर पेपर, पिक्रिक ॲसिडचं सोल्युशन, सोडियम कार्बोनेट, घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटल्या (झाकण प्लास्टिकचं किंवा रबरी बूच, पत्र्याचं नको), कात्री, खलबत्ता, पेन्सिल, हातमोजे आणि मिळालं तर थोडं क्लोरोफॉर्म.

आता इथं जरा थांबा. पिक्रिक ॲसिड कोरडं झालं तर स्फोटक असतं आणि धातूला लागून त्याचे जे क्षार बनतात ते त्याहून वाईट, थोड्या घासण्यानं किंवा धक्क्यानं उडू शकतात. म्हणून त्याची पावडर विकत घ्यायची नाही, घरी आणायची नाही, "एकाच्या कॉलेजात जुनी बाटली पडून आहे" असली तर तिला हातसुद्धा लावायचा नाही. पॅथॉलॉजी लॅबला लागणाऱ्या केमिकलच्या दुकानात पाण्यात विरघळवलेलं सॅच्युरेटेड सोल्युशन तयार मिळतं, तेच घ्यायचं आणि तेही कॉलेजच्या किंवा दवाखान्याच्या लॅबमार्फत. झाकणाच्या कडेला पिवळे खडे जमू द्यायचे नाहीत, धातूचा चमचा वापरायचा नाही. हाताला लागलं तर कातडी पिवळी होते आणि ते द्रव्य विषारी आहे, म्हणून हातमोजे. माझं स्पष्ट मत विचाराल तर एकट्या शेतकऱ्यानं हे सोल्युशन घरी ठेवूच नये, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघाच्या लॅबमध्ये बनवून ठेवावं आणि लागेल तेव्हा चार पट्ट्या आणाव्यात.

पट्ट्या बनवणं

थोडंच बनवा. 8 मिली सॅच्युरेटेड सोल्युशन, 12 मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात 1 ग्रॅम सोडियम कार्बोनेट, हलवून विरघळवायचं. फिल्टर पेपरच्या बोटभर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, वरच्या टोकाला पेन्सिलनं नंबर (पेनची शाई पसरते), मग खालचा भाग सोल्युशनमध्ये बुडवायचा, जास्तीचं निथळू द्यायचं. रंग लिंबासारखा पिवळा. पट्टी वापरताना ओलसर पाहिजे, खडखडीत वाळलेल्या पट्टीवर रंग नीट येत नाही. लगेच वापरणार असाल तर उत्तम, नाहीतर घट्ट बाटलीत, अंधारात, फ्रिजमध्ये, आणि तो फ्रिज खाण्याच्या वस्तूंचा नसावा. दर वेळी ताज्या बनवल्या तर रंगाचा भरवसा जास्त.

ज्यांच्या लॅबला शक्य आहे त्यांनी फायग्ल-अँगर पेपर बघावा. त्यात पिक्रिक नसतं, सायनाईड आलं की कागद निळा होतो आणि तो जास्त सेन्सिटिव्ह आहे, पण त्याची केमिकलं गावपातळीवर मिळणं अवघड म्हणून इथं पिक्रेटचंच धरून चालतो.

सॅम्पल, म्हणजे निम्मं काम

टेस्ट चुकते ती बहुतेक वेळा इथंच. बांधावरून हात लांब करून चार पानं तोडली आणि आणली, याला सॅम्पल म्हणत नाहीत. बांधाकडचं पीक वेगळं, खोलगट जागेतलं वेगळं, पाणी न पोचलेल्या टोकाचं तर सगळ्यात खुजट आणि सगळ्यात विषारी. वावरात नागमोडी चालत पंधरा-वीस झाडांची पानं घ्या, आणि महत्त्वाचं म्हणजे खुजट, किडीनं खाल्लेलं, नवीन फुटव्याचं सॅम्पल वेगळ्या पिशवीत ठेवा, सगळं एकत्र करून सरासरी काढू नका, कारण जनावर सरासरी खात नाही, ते समोरचा कोवळा पोंगा आधी खातं. वरची कोवळी पानं घ्यायची, खालची जून पानं घेतली तर आकडा खोटाच कमी येणार.

तोडलेली पानं चुरगळायची नाहीत, तुकडे करायचे नाहीत. वर सांगितलं ना, पेशी फुटली की वायू सुटतो. तुम्ही घरी कुट्टी करून पिशवीत भरून लॅबला नेली तर अर्धं सायनाईड वाटेतच हवेत जातं आणि रिपोर्ट छान येतो. अखंड पानं, हवा काढलेली झिपची पिशवी, बर्फाचा डबा, आणि त्याच दिवशी टेस्ट. लांब पाठवायचं असेल तर फ्रीझ करून, पिशवी सील असतानाच, कारण गोठलेलं पान वितळताना पेशी फुटतातच.

टेस्ट

उघड्यावर बसा किंवा खिडक्या उघड्या ठेवा. पानं कात्रीनं बारीक कापून एक भरगच्च चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, लगेच बाटलीत टाका, आधी खलबत्त्यात दोन-तीन ठोके दिले तर अजून चांगलं पण मग वेळ घालवू नका. बाटली तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरायची नाही. थोडे पाण्याचे थेंब, असेल तर क्लोरोफॉर्मचे तीन-चार थेंब (पेशींची आवरणं फोडायला), मग पट्टी आत लोंबती सोडायची आणि बुचानं तिचं वरचं टोक दाबून धरायचं. पट्टी पानाला किंवा काचेच्या ओल्या भिंतीला टेकता कामा नये, टेकली तर परत करा. घड्याळ बघा, वेळ लिहा. बाटली उघडून वास घेऊन बघायचा मोह टाळा. कडू बदामाचा वास येतो असं म्हणतात, पण बऱ्याच माणसांना तो वास येतच नाही आणि मुळात तो घेण्यासारखा वायू नाही.

थंडीत एन्झाईम आळसावतं, म्हणून सकाळी गार हवेत करत असाल तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, हाताला सुखद लागेल इतपत, 30-35 अंश.

रंग पिवळ्यावरून नारिंगी, मग विटकरी, मग गडद तांबडा असा जातो. वेळेवरून अंदाज असा: पाच-दहा मिनिटांत विटकरी झाला तर ती वैरण तशीच हिरवी टाकायचीच नाही, धोकादायक. अर्ध्या तासात नारिंगी-विटकरी झाला तरी मी नकोच म्हणेन. दोन तासांनी जेमतेम नारिंगी छटा आली तर प्रमाण कमी आहे, आणि दोन तासांनी पिवळाच राहिला तर त्या सॅम्पलमध्ये विशेष नाही. रात्रभर ठेवून सकाळी बघू नका, तेवढ्या वेळात निरुपद्रवी सॅम्पलसुद्धा रंग दाखवतं आणि मग माणूस उगाच घाबरतो.

आणि एकटी बाटली कधीच लावायची नाही. शेजारी दोन बाटल्या अजून हव्यात. एकीत बाजरीचं कोवळं पान, ती पिवळीच राहिली पाहिजे. दुसरीत नक्की सायनाईड देणारं काहीतरी, त्यासाठी घरातलं जवस कुटून थोडं पाणी घालून ठेवा, त्यात सायनाईड देणारी द्रव्यं आणि ती फोडणारं एन्झाईम दोन्ही असतात. किंवा कुंडीत मूठभर ज्वारी पेरून आठ-दहा दिवसांची रोपं वापरा, ती तर धुरिननं भरलेली असतात. ही बाटली लाल झाली नाही तर तुमच्या पट्ट्या मेल्यात, शेताच्या सॅम्पलचं "पिवळं" उत्तर रद्द. मोड आलेली ज्वारी किंवा हायड्रोपोनिकची कोवळी ज्वारी जनावराला द्यायची टूम निघते अधूनमधून, त्यांनी ही कुंडीची टेस्ट एकदा बघावी.

आकडा हवा असेल तर

कागदाचा रंग अंदाज देतो. आकडा लॅबच देणार. तिथं एकतर वाफेनं सायनाईड काढून सिल्व्हर नायट्रेटनं टायट्रेट करतात, म्हणजे ते किती लागलं त्यावरून सायनाईड मोजतात, नाहीतर पिक्रेट पट्टीचाच रंग पाण्यात उतरवून 510 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी कसाव्यासाठी, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यासाठी, असं किट बनवलं, त्यासोबत 0 ते 800 पीपीएमचा (पीपीएम म्हणजे किलोमागं मिलिग्रॅम) रंगांचा तक्ता येतो.

रिपोर्ट हातात आला की पहिलं हे बघा: आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या. यातच सगळे गोंधळतात. ओल्या वैरणीला साधारण 200 पीपीएम ही धोक्याची रेघ धरतात. कोरड्या वजनावर 500 च्या आत बरं, त्यावर सांभाळून, आणि 1000 च्या पुढं धोकादायक असं धरतात. कोवळ्या वैरणीत कोरडा भाग फक्त 20 टक्के असेल तर ओल्यावरचे 200 म्हणजे कोरड्यावरचे 1000. रिपोर्टवर हे लिहिलेलंच नसेल तर फोन करून विचारा, त्याशिवाय तो आकडा निरुपयोगी.

हिशोब करून बघू. सायनाईडचा मारक डोस जनावराच्या किलो वजनामागं साधारण 2 मिलिग्रॅम. 400 किलोच्या गाईला 800 मिलिग्रॅम. 200 पीपीएमची वैरण म्हणजे किलोला 200 मिलिग्रॅम, मग चार किलोत काम तमाम. चार किलो हिरवा पोंगा भुकेली गाय बघता बघता संपवते. पण तीच चार किलो दिवसभरात थोडी थोडी खाल्ली तर लिव्हर बरंचसं सायनाईड थायोसायनेट करून लघवीवाटे काढून टाकतं. म्हणून एकाच वावरात एक म्हैस मरते आणि शेजारची उभी राहते, त्यात करणी-बिरणी काही नाही, कुणी किती वेगानं खाल्लं एवढंच.

दुसरं विष: नायट्रेट

हे बहुतेक लोक विसरतात. ताण पडलेल्या आणि युरिया खाल्लेल्या ज्वारीत सायनाईडसोबत नायट्रेटसुद्धा साठतं, आणि दोघांचं वागणं उलटं आहे. सायनाईड कोवळ्या पानात, नायट्रेट धाटाच्या जमिनीलगतच्या भागात. सायनाईड नीट वाळवलं की बरंचसं उडून जातं, म्हणून चांगल्या वाळलेल्या कडब्यानं किराळ लागल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही. नायट्रेट वाळवून कमी होत नाही, ते कडब्यात जसंच्या तसं राहतं. मुरघासात मात्र दोन्ही काही प्रमाणात उतरतात. बाजरीत सायनाईड नसलं तरी नायट्रेट साठू शकतं, तेव्हा बाजरी आहे म्हणून डोळे झाकायचे नाहीत.

त्याची टेस्ट डायफिनाईलअमाईनची. हे द्रावण कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये असतं, म्हणून ते स्वतः बनवायचं नाही, लॅबकडून ड्रॉपरच्या काचेच्या बाटलीत तयार घ्यायचं, चष्मा आणि हातमोजे घालूनच उघडायचं. धाट बुडातून कापून उभं चिरायचं, आतल्या गाभ्यावर एक थेंब. काही सेकंदांत गडद निळा पसरला तर नायट्रेट भरपूर, वैरण लॅबला पाठवा. ॲसिडनं गाभा जळून तपकिरी होतो, तो रंग धरायचा नाही, फक्त निळा बघायचा. दहा-बारा धाटं तरी बघा, एकावरून ठरवू नका.

नायट्रेट लागलेल्या जनावराचं रक्त चॉकलेटी दिसतं, किराळ लागलेल्याचं लालभडक. डॉक्टरांच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा, कारण औषधं वेगळी: सायनाईडला सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून, नायट्रेटला मिथिलीन ब्लू. आणि सोडियम नायट्राइट नायट्रेटवाल्या जनावराला दिलं तर आगीत तेल, म्हणून मेडिकलमधून इंजेक्शन आणून टोचायचा उद्योग कुणी करू नये. जनावर धापा टाकतंय, झोकांड्या खातंय, तोंडाला फेस आहे असं दिसलं की वैरण बाजूला ओढा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला किंवा जवळच्या डॉक्टरला फोन, पट्टी नंतर. आडव्या जनावराच्या तोंडात पाणी-तेल ओतू नका, फुप्फुसात जातं.

जनावर मेलं असेल तर

अचानक मेलेलं जनावर आधी फाडायचं नाही. नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त, पोट झटकन फुगलेलं असेल तर फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, तो माणसालाही होतो. डॉक्टर कानातून रक्ताची स्लाइड बघून फाशी नाही म्हणाले की मगच शवविच्छेदन. मग कोठीपोटातली वैरण, लिव्हर, मांडीचा स्नायू, प्रत्येक वेगळ्या हवाबंद बाटलीत आणि फ्रीझ. लिव्हरमध्ये सायनाईड मेल्यानंतर चारेक तासच सापडतं, स्नायूत वीसेक तासांपर्यंत, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी लिव्हर पाठवून "सायनाईड नाही" असं उत्तर आलं तर त्याला काही अर्थ नाही. नायट्रेटचा संशय असेल तर डोळ्याच्या गोळ्यातलं पाणी (अश्रू नव्हे) हे उत्तम सॅम्पल, ते डॉक्टरच सिरिंजनं काढतील.

पिवळा कागद हे फक्त सायनाईडचं हत्यार आहे हेही ध्यानात असू द्या. घाणेरी, बेशरम, कण्हेर, धोतरा, एरंडाच्या बिया, सगळी जनावराला घातक आणि यांच्यापुढं हा कागद तुम्हाला काहीच सांगणार नाही, कारण विषच वेगळं. घाणेरीतलं लँटाडीन लिव्हर खराब करतं, मग उन्हात कातडी सोलते, कण्हेर थेट हृदयावर जाते, आणि हे शोधायला क्रोमॅटोग्राफी लागते, म्हणजे मोठी लॅबच. तिथं तुमचं काम म्हणजे झाडाची फांदी पान-फूल-फळासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि सॅम्पलसोबत द्यायची. कोठीपोटातल्या चोथ्यात पानाचा ओळखू येणारा तुकडा मिळाला तर तो सोन्यासारखा जपा.

पाठवायचं कुठं आणि चिठ्ठीत काय

पुण्यात औंधला पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिवाय नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, मुंबईत परळचं, नागपूरचं, परभणीचं वगैरे. स्वतः घेऊन धावण्याआधी गावच्या डॉक्टरांमार्फत फोन करा, ती टेस्ट सध्या तिथं होते का आणि सॅम्पल कसं हवं ते विचारा. चिठ्ठीत नुसतं "वैरण तपासणे" लिहू नका. पिकाची जात, पेरणीची तारीख, खोडवा आहे का, उंची किती, शेवटचं पाणी किंवा पाऊस कधी, युरिया कधी आणि किती, फवारणी काय केली (कीटकनाशकाची विषबाधा किराळसारखीच अचानक दिसू शकते), किती जनावरं होती, किती आजारी, खाल्ल्यापासून किती वेळात, आणि सॅम्पल कापल्याची वेळ. घरची पट्टी लाल झाली असेल तर किती मिनिटांत तेही.

वापरलेल्या पट्ट्या वाळत टाकायच्या नाहीत, चुलीत तर अजिबात नाही. पाण्याच्या प्लास्टिक डब्यात बुडवून ठेवा आणि उरलेल्या सोल्युशनसकट ज्या लॅबकडून आणलं तिथंच परत द्या.